वाकळीतला नऊ घरांचा चौकोन

'अंथरूण पाहून पाय पसरावेत' या म्हणीचा वाक्यात उपयोग आपण सर्वांनीच शाळेत केला आहे. पण ते अंथरूण शिवतात कसे, हे कोणत्याच इयत्तेत शिकवले नाही. मलाही ते परवापर्यंत येत नव्हते. आणि माझी आई तर दर उन्हाळ्यात लोकांच्या वाकळा शिवून चार पैसे मिळवते! पहिल्या वर्षी वसतिगृहात येताना तिने दिलेली वाकळ मी लाजेने ट्रंकेमागे सारून ठेवली आणि हिवाळाभर विकतच्या पातळ चादरीत कुडकुडले. गेल्या मे महिन्याच्या सुटीत तिच्याजवळ बसून एक चौकोन शिवला, तेव्हा माझी लाज कुठे चुकत होती ते कळले. तीच माहिती येथे देत आहे.

गोधडीला आमच्या सातारा जिल्ह्यात वाकळ म्हणतात. संस्कृतात तिला कंथा हा शब्द आहे आणि बंगालची काँथा ही तिचीच बहीण. दोन्हींचे तत्त्व एकच: जुन्या सुती कापडाचे थर आणि त्यांना बांधणारा धावदोरा. नऊवारी लुगडे म्हणजे 27 फूट कापड. त्याचे सहा-सहा फुटांचे चार तुकडे केले की चार थर होतात आणि तीन फूट उरते. त्या उरलेल्यातून, सदऱ्याच्या पाठीतून, परकराच्या घेरातून वरचे चौकोन निघतात. त्यांतला सर्वांत सोपा तो नऊ घरांचा. पाच घरे गडद, चार फिकी. चारी कोपरे आणि मधले घर गडद.

प्रथम कापड पारखावे. उजेडासमोर धरून जिथे जाळी दिसेल तो भाग सोडून द्यावा. शिंप्याकडची कोरी कातरणे घ्यायची असतील तर आधी पाण्यात भिजवून वाळवावीत. मी तसे केले नाही. पहिल्याच धुण्यात कोरे कापड आटले आणि शेजारच्या जीर्ण लुगड्याला ओढून फाडून बसले.

मग माप. प्रत्येक घर शिवल्यावर तीन इंच यावे यासाठी तुकडा साडेतीन इंचांचा घेतात. चारी बाजूंना पाव पाव इंच, म्हणजे दोन दोन सूत, शिवणीत जाते. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा साडेतीन इंची चौकोन कापून तोच प्रत्येक वेळी कापडावर ठेवावा. मी कंपासपेटीतली पट्टी टाकून एक तुकडा कापला, त्यावर दुसरा ठेवला, दुसऱ्यावर तिसरा. आई म्हणाली, "मापाला माप लावू नगं, पुठ्ठ्याला लाव." कारण नववा तुकडा येईपर्यंत तो चांगला दोन सूत वाढला होता. पुठ्ठ्याची कड नेहमी कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याला समांतर हवी. धागा कुठे जातो ते कळत नसेल तर कडेला छोटी चीर देऊन कापड टरकवावे. सुती कापड धाग्याबरोबर सरळ फाटते.

आता जोडणी. दोन तुकडे सुलट बाजू आत करून ठेवावेत, सुरुवातीला व शेवटी एक उलटा टाका घालावा, मध्ये बारीक धावदोरा. शिवण दोन सुतांवरच चालली पाहिजे. प्रत्येक तुकड्यात ती एक सूत जास्त आत गेली, तर एका शिवणीत दोन सूत आणि ओळीतल्या दोन शिवणींत अर्धा इंच कमी होतो. मग ती ओळ शेजारच्या ओळीला कशी जुळणार?

तीन ओळी तयार झाल्या की शिवणीची मुरड गडद तुकड्याकडे वळवून नखाने दाबावी. पहिल्या व तिसऱ्या ओळीत मुरडी बाहेर जातात, मधल्या ओळीत आत येतात. त्यामुळे ओळी एकमेकींवर ठेवल्या की सांध्यावर मुरडी समोरासमोर अडतात आणि बोटांना ते बरोबर लागते. तिथे आधी कच्चा टाका घालावा, मग शिवण. जाड गाठ येत नाही आणि चार घरांची टोके एका बिंदूत मिळतात. पूर्ण चौकोन कडेपासून कडेपर्यंत साडेनऊ इंच भरला, की समजावे हात बसला.

एखाद्या घरात दोन रंगांचे त्रिकोण हवे असतील तर त्रिकोण आधी कापू नयेत; तिरकी कड ताणते. पुठ्ठा चार इंचाला एक सूत कमी असा घ्यावा. गडद व फिका चौकोन समोरासमोर ठेवून कर्णरेषा आखावी, रेषेच्या दोन्ही अंगांना दोन सुतांवर शिवावे आणि मग रेषेवर कापावे. उघडले की दोन दुरंगी चौकोन तयार! माझ्या आईला कर्ण हा शब्द ठाऊक नाही. पण कर्णावर कापड का ताणते, हे तिने मला करून दाखवले.

असे चौकोन एकमेकांना जोडून थरांवर पसरतात आणि काठापासून आत, फेरीवर फेरी, धावदोरा घालीत नेतात.

"चिंध्याच तर जोडायच्या, एवढे पैसे कशाचे?" असे म्हणून लोक आईशी घासाघीस करतात. मीही मनातून तेच म्हणत होते, म्हणून तर वाकळ लपवली. चिंध्या फुकट असतात हे खरे. पण दोन सूत धरून चालणारा हात फुकट येत नाही.

माझा पहिला चौकोन वाकडाच झाला. आईने तो उसवला नाही. नव्या वाकळीत पायाकडच्या कोपऱ्यात जोडला आणि म्हणाली, "फुडच्या वक्ताला उशाकडं लावू." ती वाकळ आता वसतिगृहात माझ्या खाटेवर असते, ट्रंकेमागे नाही.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला