संगणकीय स्मृतीचा वेग, ओव्हरक्लॉकिंग आणि प्रणालीचे स्थैर्य : ग्रामीण महाविद्यालयांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
अध्यापन, संशोधन, परीक्षा आणि कार्यालयीन प्रशासन या महाविद्यालयाच्या सर्वच अंगांत संगणकाचा वापर अपरिहार्य झालेला आहे. यवतमाळ जिल्ह्यातील, तेलंगणाच्या सीमेलगतच्या झरी जामणीसारख्या तालुक्यात नवीन संगणकांची खरेदी वारंवार शक्य नसते. त्यामुळे उपलब्ध संगणकच अधिक वेगाने चालविण्याचा विचार पुढे येणे स्वाभाविक आहे. उत्पादकाने निश्चित केलेल्या मर्यादेपेक्षा अधिक वेगाने प्रोसेसर अथवा स्मृती चालविणे यास ओव्हरक्लॉकिंग असे म्हणतात. त्यातून लाभ किती व धोका कोणता, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

स्मृतीची रचना व वेग :
रॅम या स्मृतीतील प्रत्येक बिट एका अतिसूक्ष्म धारित्रातील विद्युतभाराच्या रूपात साठविला जातो. एक ट्रान्झिस्टर व एक धारित्र ही रचना रॉबर्ट डेनार्ड यांची असून तिचे पेटंट १९६८ मध्ये देण्यात आले. हा भार सतत गळत असतो, म्हणून तो ठरावीक काळाने पुन्हा भरावा लागतो. डीडीआर ४ प्रकारात चिपचे तापमान ८५ अंश सेल्सिअसपर्यंत असताना ६४ मिलिसेकंदांत सर्व पेशींचे पुनर्भरण व्हावे लागते. त्याहून अधिक तापमानात हा अवधी निम्मा, म्हणजे ३२ मिलिसेकंद करावा लागतो. उष्णता वाढली की भार अधिक वेगाने गळतो, हे त्यामागील कारण होय.

स्मृतीच्या वेगास दोन बाजू आहेत. पहिली, एका सेकंदात किती माहिती वाहून नेली जाते ही. दुसरी, मागणी केल्यापासून माहिती मिळेपर्यंत लागणारा विलंब ही. डीडीआर ४-३२०० ही स्मृती एका चॅनेलवर सेकंदाला २५.६ गिगाबाइट, तर ३६०० ची स्मृती २८.८ गिगाबाइट माहिती वाहू शकते. परंतु पहिलीचा कॅस विलंब १६ चक्रे व दुसरीचा १८ चक्रे असल्यास प्रत्यक्ष विलंब दोहोंचाही १० नॅनोसेकंदच येतो. म्हणून वेष्टनावरील मोठा आकडा पाहून वेगाचा निष्कर्ष काढणे योग्य ठरत नाही.

अस्थैर्याची कारणे :
३२०० च्या वेगाने एक बिट ओळखण्यास सुमारे ३१२ पिकोसेकंद मिळतात. ३६०० ला हा अवधी सुमारे २७८ पिकोसेकंदांवर येतो. अवधी आखडला की मदरबोर्डावरील संकेतांतील किरकोळ गोंधळही चूक घडवू शकतो. हे टाळण्यासाठी विद्युतदाब वाढविला जातो. डीडीआर ४ चा प्रमाण दाब १.२ व्होल्ट असून वेगवान संचांत तो बहुधा १.३५ व्होल्ट ठेवतात. ऊर्जाव्यय दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, वेग तोच राहिला तरी तो या बदलाने सुमारे २७ टक्क्यांनी वाढतो. इंटेलने २००७ मध्ये आणलेली एक्सएमपी व एएमडीने २०२२ मध्ये आणलेली एक्सपो ही बायोसमधील सुविधा एका पर्यायाने हे सर्व बदल करते. म्हणूनच अनेकांना आपण ओव्हरक्लॉकिंग करीत आहोत, याची जाणीवही नसते.

विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो. वातानुकूलन नसलेल्या, धूळ साचलेल्या कॅबिनेटमधील हवा खोलीपेक्षाही उष्ण असते. डिसेंबरात चाचणीत उत्तीर्ण झालेला वेग मे महिन्यात टिकेलच असे नाही.

मूक चुकीचा धोका :
संगणक मध्येच बंद पडला तर दोष निदान दिसतो तरी. खरा धोका न दिसणाऱ्या चुकीचा आहे. समजा, एखाद्या विद्यार्थ्याचे ७५ गुण द्विमान पद्धतीत ०१००१०११ असे साठविले आहेत. डावीकडून दुसरा एकच बिट उलटला तर ते ११ होतात. ही चूक एखाद्या वेळी लक्षात येईल. परंतु शेवटचा बिट उलटून ७४ झाल्यास ती कोणाच्याही ध्यानात येणार नाही. संशोधनासाठी गोळा केलेल्या आकडेवारीचेही असेच होऊ शकते.

अशा चुका केवळ वेग वाढविलेल्या यंत्रांतच होतात असे नाही. गूगलच्या सर्व्हरांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक स्मृतिपट्ट्यांत चुका आढळल्या. सर्व्हरांत चूक दुरुस्त करणारी ईसीसी स्मृती असते. ती ६४ बिटांसोबत ८ तपासणी बिट ठेवते व एका बिटाची चूक स्वतः सुधारते. सामान्य डेस्कटॉपमध्ये बहुधा ही सोय नसते. डीडीआर ५ मध्ये चिपच्या अंतर्गत दुरुस्तीची व्यवस्था आहे. तथापि चिप व प्रोसेसर यांच्या दरम्यान होणाऱ्या चुका तिच्या कक्षेत येत नाहीत.

उपाययोजना :
१. गुणपत्रके, प्रवेश, लेखा व संशोधनाची आकडेवारी ज्या संगणकांवर असते, तेथे स्मृती प्रमाण वेगानेच चालवावी.
२. एकाच पट्टीऐवजी समान क्षमतेच्या दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवाव्यात. दोन चॅनेल कार्यान्वित होऊन वहनक्षमता ओव्हरक्लॉकिंगशिवाय सिद्धांततः दुप्पट होते.
३. वेग वाढवायचाच असल्यास तो प्रयोगशाळेतील एखाद्याच संगणकावर वाढवावा आणि मेमटेस्ट ८६ सारखी चाचणी रात्रभर, शक्यतो उन्हाळ्यात, चालवावी. एकही चूक आढळल्यास वेग कमी करावा.
४. कॅबिनेट व पंख्यांची नियमित स्वच्छता ठेवावी. महत्त्वाच्या माहितीची प्रत दुसऱ्या यंत्रावर जतन करावी.

समारोप :
कार्यालयीन लेखन व तक्ते यांसारख्या कामांत स्मृतीचा वेग वाढविल्याने जाणवेल असा फरक क्वचितच पडतो. चित्रसंस्करण अथवा मोठ्या आकडेवारीचे विश्लेषण यांत काही लाभ संभवतो. मात्र विद्यार्थ्याच्या गुणांची व संशोधकाच्या निष्कर्षांची विश्वसनीयता ज्या यंत्रावर अवलंबून आहे, तेथे काही क्षणांच्या बचतीपेक्षा स्थैर्यासच प्राधान्य देणे इष्ट होय.