खेळाचा पैसा : हक्काचा की मेहेरबानीचा?

वस्तीतल्या कबड्डी मंडळाचा हिशेब आपल्या सगळ्यांना पाठ असतो. चार पोरे पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरतात. दहा-वीस रुपये करत वर्गणी गोळा होते. त्यात मैदानाचा चुना आणि सामन्याच्या दिवशीचा वडापाव निघतो. जर्सी मात्र नगरसेवक नाहीतर इच्छुक उमेदवार देतो आणि तिच्या पाठीवर त्याचा फोटो असतो. निवडणूक आली की हीच पोरे त्याच्या रॅलीत सर्वांच्या पुढे दिसतात. याला कोणी लाचारी म्हणेल. पण दोष पोरांचा नाही. जिथे क्लबला हक्काचा पैसा नाही, तिथे तो मेहेरबानीनेच येणार आणि मेहेरबानीची किंमत वसूल केली जाणार. म्हणून खेळाचा पैसा कोणत्या वाटेने येतो हा केवळ खेळाचा नव्हे, स्वाभिमानाचा प्रश्न आहे.

इतर देशांनी या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे शोधली आहेत. नॉर्वेत लॉटरी व सट्टा सरकारी मालकीच्या 'नॉर्स्क टिपिंग' या कंपनीकडे आहे. तिच्या नफ्यातला 64 टक्के वाटा खेळासाठी जातो. त्यातली एक रक्कम थेट स्थानिक क्लबांसाठी राखलेली असते आणि कोणत्या नगरपालिकेच्या वाट्याला किती, हे तिथल्या 6 ते 19 वयाच्या मुलांच्या संख्येवरून ठरते. पुढची वाटणी क्लबांचीच स्थानिक परिषद करते. शिवाय 2009 पासून तिकीट घेणारा आपल्या पैशातला ठरावीक हिस्सा आपल्या आवडीच्या क्लबला देऊ शकतो. थोडक्यात, मुले मोजली जातात, ओळखी मोजल्या जात नाहीत.

जर्मनीची रीत वेगळी. तिथे सुमारे 86 हजार क्लब आहेत आणि त्यांचा कणा म्हणजे सभासदांची वर्गणी. सरकार रोख पैशापेक्षा सोयी देते. लोकहिताच्या क्लबला करात सूट मिळते आणि शाळेचा हॉल व नगरपालिकेचे मैदान बहुतेक ठिकाणी फुकट किंवा नाममात्र भाड्याने मिळते. मैदानाचे भाडे नसले की वर्गणी कमी राहते आणि वर्गणी कमी राहिली की कामगाराचे पोरही सभासद होते. तरीही गरीब घरे मागे राहतात म्हणून 2011 पासून त्यांच्या मुलांसाठी दरमहा 10 युरो आणि 2019 पासून 15 युरो देण्याची सोय झाली. पण त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि हक्क असलेल्या बहुसंख्य मुलांपर्यंत ही रक्कम पोहोचत नाही, असे तिथल्याच समाजसेवी संघटनांनी दाखवून दिले आहे.

इंग्लंडमध्ये 1994 साली राष्ट्रीय लॉटरी सुरू झाली आणि तिचा पैसा 'स्पोर्ट इंग्लंड'मार्फत क्लबांकडे येऊ लागला. तो प्रकल्पाचा अर्ज करून, उद्दिष्टे लिहून, स्पर्धेतून मिळवायचा. 2004 पासून नोंदणीकृत हौशी क्लबांना स्थानिक करात 80 टक्के सूटही आहे. पण अर्जाच्या पद्धतीत एक मेख असते. ज्या क्लबात वकील आणि हिशेबनीस आहेत, त्याचा अर्ज देखणा होतो. ज्या क्लबात फक्त खेळाडू आहेत, तो मागे पडतो. तिकीट गरिबाने काढायचे आणि अनुदान शिकल्यासवरल्याने न्यायचे, हा आक्षेप त्या देशातही घेतला गेला आहे.

या तिन्ही रीतींमधून एक गोष्ट स्पष्ट होते. पैसा किती, यापेक्षा तो नियमाने मिळतो की मागून मिळतो, हे महत्त्वाचे.

आपल्याकडे याचा अनुभव जुना आहे. खेळातले सर्वांत मोठे अनुदान म्हणजे जागा. इंग्रज सरकारने मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर पारशी, मुस्लिम आणि हिंदू जिमखान्यांना धर्मानुसार भूखंड दिले. त्या हिंदू संघासाठी चर्मकार समाजातला पळवणकर बाळू गोलंदाजी करीत होता. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. त्याच बाळूला पुण्यात क्लबच्या पॅव्हेलियनबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई आणि हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधीच मिळाले नाही. ते 1923 साली त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळाले. जमीन सर्व हिंदूंच्या नावाने मिळाली होती, पण चहाचा पेला वेगळाच होता!

आज महाराष्ट्रात व्यायामशाळा आणि क्रीडांगण विकासाच्या अनुदान योजना आहेत, क्रीडा संकुले आहेत. पण अनुदान मागायला नोंदणी लागते, तपासलेले हिशेब लागतात आणि जागेचा कागद लागतो. ज्या वस्तीतल्या घरांनाच धड कागद नाही, तिथल्या मंडळाने मैदानाचा कागद कुठून आणायचा? कागदाची अट वरून सर्वांना सारखी दिसते. प्रत्यक्षात ती जुन्या मालकांच्याच बाजूची आहे.

म्हणून मागणी नेमकी हवी. पालिका व जिल्हा परिषदेच्या शाळांची मैदाने संध्याकाळी वस्तीतल्या मंडळांना नियमाने आणि फुकट मिळाली पाहिजेत. अनुदानाचा एक भाग प्रभागातल्या मुला-मुलींच्या संख्येवर ठरला पाहिजे. कोणाला किती दिले, याची यादी दरवर्षी जाहीर झाली पाहिजे.

आणि काही काम आपलेही आहे. मंडळाची नोंदणी करा, पैशापैशाचा हिशेब लिहा, मुलींना मैदानात आणा. 2005 चा माहिती अधिकार कायदा हाताशी आहे. गेल्या पाच वर्षांत आपल्या पालिकेने खेळावर किती खर्च केला आणि तो कोणत्या संस्थांना गेला, एवढा एकच अर्ज प्रत्येक मंडळाने करावा. उत्तर हाती आले की जर्सीवरचा फोटो कोणाच्या पैशाचा आहे, ते पोरांना आपोआप कळेल.