गोजीचा फंडा, बाबांची गोळी

छत्रपती संभाजीनगरच्या कॅनॉटमधल्या आमच्या ऑफिसात सध्या जो तो वाळलेल्या लाल गोजी बेरीज चघळतोय. 'दिवसभर स्क्रीनसमोर असतेस ना? डोळ्यांना बेस्ट!' मैत्रिणीने सांगितलं आणि मी दोन पाकिटं उचलली. एक माझं, एक बाबांचं!

हे काटेरी झुडूप चीनचं, निंग्शिया भागातलं फेमस. कुळ मात्र ओळखीचं... टोमॅटो, वांगं, मिरची आणि आपली अश्वगंधाही त्यातलीच. तिकडे फळं चहात, सूपमध्ये टाकतात. पारंपरिक वैद्यकात ती डोळे, यकृत आणि मूत्रपिंडासाठी, तर मुळाची साल तापावर. फळात झिॲक्झँथिन असतं, तेच आपल्या डोळ्यांच्या पडद्यातही असतं. पण म्हणून चष्मा जाईल, असं समजू नका हं!

बाबांनी पाकीट उलटंसुलटं पाहिलं. "माझ्या वॉरफॅरिनसोबत चालतं का गं हे?" मी गप्प! डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "अजिबात नको." रक्त पातळ करणाऱ्या या गोळीचा परिणाम गोजीने वाढू शकतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली एक केस आहे. वॉरफॅरिन घेणाऱ्या ६१ वर्षांच्या बाईंचा आयएनआर २ ते ३ असायचा. चार दिवस गोजीचा कडक चहा घेतला आणि तो ४.१ वर गेला. म्हणजे रक्तस्रावाची भीती.

दोन्ही पाकिटं आता माझ्याच ड्रॉवरमध्ये आहेत. तुम्हीही आई-बाबांना 'हेल्दी' गिफ्ट जरूर द्या. फक्त आधी त्यांच्या गोळ्यांचा डबा उघडून बघा!