फास्टर फेणेच्या गोष्टीत नवी मुलगी

परवा भाचीनं फास्टर फेणेवर स्वतः लिहिलेली गोष्ट वाचायला दिली. त्यात तिनं रचलेली एक नवी मुलगी. कराटे, कोडी, पोहणं, सगळ्यात पहिली. बन्याच्या, म्हणजे फास्टर फेणेच्या, आधी चोर तीच पकडते!

फॅन फिक्शनमध्ये, म्हणजे चाहत्यांनी लिहिलेल्या अशा गोष्टींत, सगळ्यात सरस असणाऱ्या पात्राला 'मेरी सू' म्हणतात. १९७३ साली पॉला स्मिथ यांनी 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांच्या कथांचं विडंबन केलं. त्यातली साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट म्हणजे मेरी सू. नाव तिथून रुळलं.

मी भाचीला एवढंच विचारलं, "बन्या नसतो तेव्हा ही काय करते?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "मामा, तिच्या बाबांचं सायकलचं दुकान आहे."

झालं, मुलगी जिवंत झाली! आता तिच्या नखांत ग्रीस आहे. बन्यानं पंक्चरचे पैसे थकवलेत म्हणून ती त्याच्यावर चिडलीय. चोराच्या सायकलची सैल चेन तिला नुसत्या आवाजावरून कळते. पण अंधाराची भीती वाटते, म्हणून गोदामात शिरायचं ते बन्यानंच. मूळ नायकाचं काम असं शाबूत राहायलाच हवं.

तुमचं पात्र कुठं अडलंय? जरूर विचारा, मिळून सोडवू.