खांद्यातून हातात उतरणारी वेदना

जयपूरच्या दक्षिणेस असलेले सांगानेर हातछपाईच्या कापडासाठी प्रसिद्ध आहे. मेजावर ताणून बसविलेल्या कापडावर कारागीर लाकडी ठसा टेकवितो, त्याच्या पाठीवर मुठीने ठोका देतो, ठसा उचलतो व पुढे सरकतो. जयपूर शहरात रत्नांना पैलू पाडणारा कारागीर मान खाली घालून तासन्‌तास फिरत्या चाकापाशी बसतो. या दोघांपैकी कोणाच्याही खांद्यात कळ येऊन ती हातात उतरू लागली, तर तो साहजिकच आपल्या कामाला दोष देईल. हा तर्क पुष्कळदा बरोबर ठरतो. पण नेहमीच नाही. वेदना जिथे जाणवते तिथेच तिचे मूळ असते, असा नियम नाही.

मूळ खांद्यातच असेल, तर बहुधा स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा झिजलेल्या किंवा सुजलेल्या असतात. अशी वेदना दंडाच्या बाहेरच्या अंगाने उतरते, पण कोपराखाली सहसा जात नाही. हात वर उचलताना व त्या कुशीवर झोपताना ती वाढते. चाळिशी ते साठीच्या दरम्यान, विशेषतः मधुमेह असल्यास, खांदा हळूहळू आखडतो आणि दुसऱ्यानेही हात हलविला तरी तो पुरता वळत नाही.

मूळ मानेत असेल, तर लक्षणे वेगळी असतात. मानेतील 7 मणक्यांलगत मज्जातंतूंच्या 8 जोड्या बाहेर पडतात. त्यांपैकी शेवटच्या 4 जोड्या आणि छातीतील पहिली जोडी यांच्या तंतूंपासून हाताला जाणाऱ्या मज्जातंतूंचे जाळे बनते. मणक्यांमधील चकती सरकली किंवा हाड वाढले, की मज्जातंतूचे मूळ दाबले जाते. मग कळ बोटांपर्यंत पोहोचते. मुंग्या येतात, बधिरता जाणवते. सहाव्या तंतूवर दाब आल्यास अंगठा, सातव्यावर आल्यास मधले बोट व आठव्यावर आल्यास करंगळी बधिर होते. मान वळविताच वेदना कमीअधिक होते.

तिसरे मूळ हृदयात असू शकते. हृदयाकडून व हाताच्या आतल्या अंगाकडून येणारे काही संवेदनातंतू मज्जारज्जूच्या एकाच भागात प्रवेश करतात. त्यामुळे मेंदूला संदेशाचे ठिकाण नेमके कळत नाही. ही वेदना बहुधा डाव्या, पण कधी उजव्या हातातही उतरते. श्रमाने ती वाढते. खांदा हलविल्याने तिच्यात फरक पडत नाही. छातीवर दडपण, घाम, धाप वा मळमळ तिच्यासोबत येऊ शकते. मधुमेही व्यक्तींत आणि स्त्रियांत छातीतील वेदना कधीकधी नसतेही.

क्वचित फुप्फुसाच्या शेंड्यावरील गाठ हाताच्या मज्जातंतूंत शिरते. अमेरिकन क्ष-किरणतज्ज्ञ हेन्री पॅनकोस्ट यांचे नाव या गाठीला मिळाले आहे. रात्रंदिवस न थांबणारी वेदना, पंजाची क्षीणता आणि त्याच बाजूची पापणी खाली येणे ही तिची लक्षणे होत.

म्हणून कारागिराला प्रथम विचारावयाचे ते एवढेच : वेदना कशाने वाढते? हात उचलल्याने, मान वळविल्याने, की जिना चढल्याने? पहिल्या दोहोंत तपासणीस थोडा अवकाश असतो. मात्र हाताची शक्ती कमी होऊ लागल्यास दिरंगाई करू नये. तिसऱ्या बाबतीत, किंवा छातीवर दडपण व घाम यांसह वेदना अकस्मात आल्यास, तेल चोळीत बसणे घातक ठरते. राजस्थानात व महाराष्ट्रात 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. अशा वेळी दवडलेल्या प्रत्येक मिनिटाबरोबर हृदयाचा स्नायू मृत होत असतो.