कापतात तो पट्टा, नस नव्हे

"मनगटातल्या नसेचं ऑपरेशन? नको गं बाई, नस कापली की हात कायमचा लुळा." कार्पल टनेलचा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी टाकतंच. शेजारीण, आतेभाऊ, औषधाच्या दुकानातला मुलगा, सगळे याच्यातले तज्ज्ञ. आणि ऐकणारी बाई मग मध्यरात्री उठून मुंग्या आलेला हात झटकत आणखी दोन वर्षं काढते.

या शस्त्रक्रियेत नस कापतच नाहीत. मनगटाची हाडं तळहाताच्या बाजूने पन्हळीसारखी रचलेली असतात आणि त्या पन्हळीवर एक जाड आडवा पट्टा असतो. आतून बोटं मिटवणाऱ्या ९ कंडरा जातात आणि त्यांच्या गर्दीतून मीडियन नस. आतला दाब वाढला की आधी चेपते ती नस. सर्जन कापतात तो वरचा पट्टा. तो उघडला की नसेला जागा मिळते. पुढे पट्ट्याची टोकं व्रणाने पुन्हा सांधतात, पण सैलसर. बहुतेकदा फक्त हात बधिर करतात आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो.

मग "पकड जाते" हे कुठून आलं? त्यात थोडं तथ्य आहे. सुरुवातीला पकड कमी होते, तळहाताच्या बुडाशी दुखतं. कणीक मळताना किंवा जमिनीला हात टेकून उठताना ते चांगलंच जाणवतं. काही आठवडे, कधी काही महिने. नंतर बहुतेकांची ताकद परत येते. नसेला चुकून इजा होऊच शकत नाही, असंही नाही. अंगठ्याच्या स्नायूंकडे जाणारी तिची बारीक फांदी काहींच्या हातात भलत्याच वाटेने जाते. पण 'आर्थ्रोस्कोपी' या नियतकालिकात २००६ साली आलेल्या आढाव्यात नस, रक्तवाहिनी किंवा कंडरा दुखावण्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत होतं. उघड्या शस्त्रक्रियेतही आणि दुर्बिणीच्याही.

हात अधू होतो तो बहुधा वाट पाहण्याने. नस वर्षानुवर्षं चेपलेली राहिली की अंगठ्याखालचा उंचवटा सपाट होतो, ब्लाउजचं हुक लागेनासं होतं. एवढं झाल्यावर ऑपरेशन केलं तर गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. आणि तेव्हा बोल लागतो सर्जनला!

याचा अर्थ मुंग्या आल्या की टेबलावर झोपा, असा मुळीच नाही. त्रास सौम्य असेल तर आधी रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, मग गरजेप्रमाणे स्टेरॉइडचं इंजेक्शन. गरोदरपणातला त्रास बाळंतपणानंतर बऱ्याचदा आपणच ओसरतो. स्नायू झिजलेले नसताना, या कशाचा विचारही न करता पहिल्याच भेटीत तारीख देणारा सर्जन भेटला तर दुसरं मत घ्या.

सर्जन कोणता? "हाडाचाच हवा" हाही गैरसमज. हाताचे सर्जन अस्थिरोगातून येतात तसे प्लास्टिक सर्जरीतूनही. हँड अँड मायक्रोसर्जरीची वेगळी फेलोशिप आपल्याकडे आहे. पाटीपेक्षा हे विचारा: वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता? माझ्या नसेच्या तपासणीत दाब किती दिसतो? मुंग्या राहिल्याच तर पुढे काय?

बाकीचे गैरसमज थोडक्यात. "दुर्बिणीचं ऑपरेशन केव्हाही सरस": कामावर थोडं लवकर परतता येतं, पण कॉक्रेनच्या आढाव्यानुसार त्रास कमी होण्यात फारसा फरक नाही. "कॉम्प्युटरमुळेच होतं": मधुमेह, थायरॉइडची कमतरता, संधिवात आणि वजन यांची चौकशी आधी करा. "बी-१२ची इंजेक्शनं पुरतात": बी-१२ कमी असेल तर ती घ्यावीच, पण चेपलेली नस त्याने सुटत नाही. "मालिश करून नस बसवता येते": ती कुठे सरकलेलीच नसते.

आणि मुंग्या फक्त करंगळीला येत असतील तर थांबा. करंगळीची नस वेगळी, बहुधा कोपराशी दबलेली. मनगटातला पट्टा कितीही सफाईने कापला तरी करंगळी बधिरच राहील.