जुन्या खेळाची प्रत कोठून आणावी?

हजारो माणसांनी दूरदूरच्या संगणकांवर बसून एकाच काल्पनिक जगात वावरावे, हा आपल्या काळातील एक नवलाचा खेळ. कुणी योद्धा होतो, कुणी मांत्रिक. ‘अल्टिमा ऑनलाइन’ (१९९७) आणि ‘एव्हरक्वेस्ट’ (१९९९) हे यांतले गाजलेले जुने खेळ. परंतु कंपनी खेळात बदल करीत जाते, किंवा एके दिवशी तो बंदही करते. मग ज्यांना मूळचे रूप प्रिय असते, असे रसिक स्वतःच जुन्या पद्धतीचा सर्व्हर उभारतात. तेथे खेळण्यास जुना क्लायंट लागतो. तो सरळ मार्गाने कसा मिळवावा, हे या लेखात पाहू.

प्रथम सर्व्हर व क्लायंट यांतील भेद समजून घेतला पाहिजे. सर्व्हर हा जणू त्या जगाचा हिशेबनीस. कोण कोठे आहे, कोण जिंकले, याची नोंद तो ठेवतो. चित्रे, आवाज, नकाशे मात्र प्रत्येक खेळाडूच्या संगणकावरील क्लायंटमध्ये असतात. रसिक सर्व्हरची आज्ञावली नव्याने लिहू शकतात; पण ती चित्रे व ते संगीत कंपनीच्या मालकीचे असते. नवा क्लायंट जुन्या सर्व्हरशी जुळतही नाही, कारण दोघांमधील संदेशांची भाषा बदललेली असते.

‘कंपनी आता विकतच नाही, मग फुकट उतरवून घेतले तर बिघडले कुठे?’ असे पुष्कळजण विचारतात. परंतु विक्री थांबली म्हणजे स्वामित्वहक्क संपला असे नव्हे. अमेरिकेत कंपनीसाठी तयार झालेल्या कृतीवरील हक्क प्रकाशनापासून ९५ वर्षे टिकतो. आपल्या १९५७ च्या कायद्यातही संगणकाच्या आज्ञावलीला साहित्यकृतीप्रमाणेच संरक्षण आहे.

मग सरळ मार्ग कोणते? पहिला, जुनी मूळ प्रत विकत घेणे. २००९ साली सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट १९९९’ या सर्व्हरवर ‘एव्हरक्वेस्ट’ची ‘टायटॅनियम’ ही २००६ ची आवृत्ती लागते. सर्व्हर चालविणारे ती देत नाहीत. ज्याची त्याने मिळवावयाची. आपण वरच्या वर्गातील मुलांची जुनी पुस्तके अर्ध्या किमतीत घेतो, तसेच हे. पुस्तक हातोहात जाते, नवे छापले जात नाही.

दुसरा मार्ग, मालकाने स्वतः खुले केलेले घेणे. १९९६ चा ‘मेरिडियन ५९’ त्याच्या मूळ निर्मात्यांनी २०१२ मध्ये खुला केला. तिसरा, परवान्याने चालणारा सर्व्हर. ‘सिटी ऑफ हीरोज’ २०१२ मध्ये बंद पडला. २०२४ मध्ये मालक कंपनीने ‘होमकमिंग’ या रसिकांच्या सर्व्हरला रीतसर परवाना दिला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रत कायदेशीर असली म्हणजे सर्व्हरही कायदेशीर ठरतो असे नाही. ‘नॉस्टॅल्रियस’ हा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चा जुन्या रूपातील सर्व्हर कंपनीच्या कायदेशीर इशाऱ्यानंतर एप्रिल २०१६ मध्ये बंद झाला. पुढे २०१९ मध्ये कंपनीनेच खेळाचे जुने रूप अधिकृतपणे आणले. ‘प्रोजेक्ट १९९९’ने मात्र २०१५ मध्ये मालक कंपनीशी करार केला. म्हणून प्रत आणि सर्व्हर, दोन्हींची चौकशी करावी.

तरीही मला एक प्रश्न पडतो. जुन्या प्रती मोजक्याच आहेत. सीडी खराब होतात, हरवतात, आणि वस्तू दुर्मिळ झाली की तिची किंमत चढते. म्हणजे प्रामाणिकपणे वागणाऱ्याची वाट वर्षागणिक अरुंद होत जाते, आणि ज्याच्या खिशात पैसे कमी, त्याच्यासाठी ती आधी बंद होते. खेळाडूने कायदा पाळावा हे खरेच. पण दुकान बंद करताना मालकानेही एखादे दार उघडे ठेवावे, असे मला वाटते. ‘मेरिडियन ५९’ आणि ‘सिटी ऑफ हीरोज’ यांच्या मालकांनी ते ठेवले. इतरांनाही ते अशक्य नाही.